रोपांच्या कपाटात ऊब हवी, तसा वाराही हवा
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



सुरू हंगामाची लागण म्हणजे १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. नेमकी याच काळात आपल्या भागात थंडी असते. दिवसा ऊन चांगले पडते, पण पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो. उसाच्या डोळ्याला उगवायला २८ ते ३२ अंश सेल्सियस ऊब मानवते. २० अंशांच्या खाली तो आळसावतो. उन्हाळ्यात आठवड्याभरात कोंब दाखवणारा डोळा डिसेंबरात तीन-तीन आठवडे मातीत निजून राहतो, आणि निजलेला डोळा बुरशीच्या तावडीत सापडतो. मग नांग्या पडतात, त्या भरताना दमछाक होते आणि तोडणीच्या वेळी टनेज हातचे जाते.

यावर उपाय म्हणून गेल्या दोन-तीन हंगामांत गटसभांतून आम्ही एकच सांगत आलो, की एक डोळ्याची रोपे ट्रेमध्ये तयार करा आणि थंडीत ते ट्रे पहिले काही दिवस घरात उबवा. बऱ्याच सभासदांनी ऐकले. कोणी गोठ्याच्या कोपऱ्यात, कोणी जुन्या खोलीत अँगलची मांडणी उभी केली, प्लॅस्टिक कागद गुंडाळला, आत बल्ब लावले. उबवणीचे कपाट तयार झाले. काहींना ते साधले. काहींचे मात्र नुकसान झाले, आणि त्या नुकसानीत आमचाही वाटा आहे. ऊब द्या एवढे आम्ही सांगितले, पण वाऱ्याचे सांगायचे राहून गेले. ती उणीव या लेखाने भरून काढायची आहे.

एका कपाटाची गोष्ट

मागच्या डिसेंबरात एका सभासदाचा निरोप आला, "साहेब, जरा येऊन बघा, रोपांना वास मारतोय." आम्ही गेलो. पत्र्याची खोली. चार फूट रुंद, दोन फूट खोल, सहा फूट उंच असे कपाट. आठ खण, प्रत्येक खणात ४२ कप्प्यांचे चार ट्रे, म्हणजे एकूण ३२ ट्रे. वरच्या पट्टीला १०० वॅटचे चार बल्ब टांगलेले. चारी बाजूंनी प्लॅस्टिक, त्यावर ताडपत्री, खाली कडेने माती लावून सगळे हवाबंद केलेले. चार दिवस पडदा उघडला नव्हता. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.

पडदा वर केला तर पिकलेल्या अननसासारखा वास भपकन नाकात शिरला. दुपारचे दोन वाजले होते. आमच्याजवळचा तापमापक वरच्या खणात धरला, ४३ अंश. खालच्या खणात धरला, २१ अंश. एकाच कपाटात वर वैशाख आणि खाली पौष! वरच्या तीन खणांतले १२ ट्रे, म्हणजे ५०४ डोळे, कुजून गेले होते. डोळा चिरून पाहिला तर आत लालसर-काळा. खालच्या दोन खणांतले ३३६ डोळे जसे ठेवले तसेच, कोंबाचा पत्ता नाही. मधल्या तीन खणांत मात्र पांढरीशुभ्र मुळी सुटलेली आणि कोंब टोक काढून बसलेले.

सभासद म्हणाले, "साहेब, ऊब कमी पडली का?"

आम्ही म्हटले, "नाही दादा, ऊब भरपूर होती. ती एका जागी कोंडली."

त्यांच्या म्हाताऱ्या आई दारात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आरं, कांद्याच्या चाळीला खालनं वारा सोडतोस, मटकीला मोड आणताना मी फडक्यात बांधती, डब्यात न्हाई कोंबत. ह्या उसाला तेवढं प्लॅस्टिकात कोंडलंस व्हय?"

आजींनी दोन वाक्यांत जे सांगितले, ते आम्ही इतक्या सभांतून सांगितले नव्हते.

डोळा श्वास घेतो

उगवू लागलेला डोळा जिवंत आहे. तो कांडीतली साखर खर्च करून कोंब आणि मुळी काढतो. त्यासाठी त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो आणि त्या कामात थोडी उष्णताही बाहेर पडते. हजारभर डोळे ओल्या कोकोपीटमध्ये दाटीने ठेवले आणि हवा बंद केली, तर एकीकडे ऑक्सिजन कमी पडतो, दुसरीकडे ऊब आणि ओल साचत जाते. अननस रोगाच्या बुरशीला याहून बरी जागा कोणती? ती कापलेल्या तोंडातून शिरते, आणि तो पिकलेल्या अननसाचा वास तिचाच.

दुसरी गोष्ट, तापलेली हवा हलकी होते आणि वर चढते. थंड हवा जड, ती तळाशी बसते. बल्ब वर टांगला तर गरम हवा वरच राहते, खाली उतरतच नाही. म्हणून ऊब नेहमी खालून द्यावी. चूल भांड्याच्या खाली असते, वर नसते.

मग कारखान्यात ५४ अंश कसे चालते?

त्याच सभासदांनी चांगला प्रश्न विचारला. "कारखान्यावर बेण्याला तुम्ही ५४ अंशांवर अडीच तास ठेवता, त्याला काही होत नाही. मग माझे ४३ अंशाला कसे कुजले?"

हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. मूलभूत बेण्यासाठी आपण बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया करतो. तिथे ५४ अंश सेल्सियस तापमान आणि ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असते. गवताळ वाढ आणि खोडवा खुजा हे बेण्यातून येणारे रोग आटोक्यात यावेत म्हणून ती करतात. पण तिथे डोळा अजून झोपलेला असतो, कोवळा कोंब फुटलेला नसतो. वेळ मोजून अडीच तास. नंतर बेणे निववून बुरशीनाशकात बुडवतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आत पंखा सतत फिरत असतो. वरची हवा खाली आणि खालची वर अशी ती फिरते, त्यामुळे कोपऱ्यातल्या टिपरीला आणि मधल्या टिपरीला सारखीच ऊब लागते. पंखा बंद पडला तर एकीकडचे बेणे भाजेल आणि दुसरीकडच्याचा रोग तसाच राहील.

घरच्या कपाटात कोंब कोवळा, मुक्काम अडीच तासांचा नसून पाच ते आठ दिवसांचा, आणि हवा कोंडलेली. तेव्हा ३५ अंशांच्या वर कपाट जाऊ देऊ नये. ३२ ला सावध व्हावे.

कपाट असे उभे करा

जागा : पत्र्याच्या खोलीपेक्षा कौलारू किंवा स्लॅबची खोली बरी. पत्रा दुपारी तापतो आणि रात्री गार पडतो, दोन्ही वेळा आपल्या विरुद्ध. भिंतीपासून कपाट वीतभर पुढे ठेवा.

मांडणी : चार बाय दोन बाय सहा फूट पुरे. खालचा दीड फूट मोकळा ठेवा, तिथे ऊब द्यायची आहे. त्यावर सहा-सहा इंचांवर आठ खण. खणाला फळी टाकू नका, जाळी किंवा अंतरावर ठेवलेल्या पट्ट्या टाका, म्हणजे हवा आरपार चढेल. ट्रे एकमेकांना घट्ट भिडवू नका, बोटभर फट राहू द्या. वरच्या ट्रेवर आणखी ट्रे रचू नका.

आवरण : आतून प्लॅस्टिक कागद, बाहेरून रात्रीपुरते गोणपाट किंवा जुनी घोंगडी. नुसत्या प्लॅस्टिकात १०० वॅटच्या दोन बल्बांनी खोलीपेक्षा पाच-सहा अंशच ऊब वाढते. गोणपाट टाकले की तेवढ्याच विजेत आठ-दहा अंश वाढते. म्हणजे आधी गोणपाट वाढवावे, बल्ब नव्हे. गोणपाट बल्बापासून फूटभर तरी लांब राहिले पाहिजे.

खिडक्या : हाच मुख्य मुद्दा. तळाशी एका बाजूला वीतभर लांब, चार बोटे उंच अशा दोन खिडक्या कापा. वर, समोरच्या बाजूला, तशाच दोन. खालून गार हवा शिरेल, तापून तिरकी चढेल आणि वरून बाहेर पडेल. वर-खाली दोन्हीकडे वाट असल्याशिवाय वारा वाहत नाही, नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही. खिडक्यांना प्लॅस्टिकचीच झडप लावा. रात्रीसुद्धा झडप पूर्ण बंद करायची नाही, दोन बोटे फट राहू द्यायची.

बल्ब : दोन बल्ब तळाच्या मोकळ्या जागेत, मधोमध. त्यांच्यावर पत्र्याचा तुकडा आडवा धरा, म्हणजे पहिल्या खणातले ट्रे थेट झळीत येणार नाहीत. इथे तारेचा पिवळा बल्बच लागतो. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. नऊ वॅटच्या एलईडीने कपाट गरम होईल या आशेवर राहू नका. तारेचे बल्ब आता थोड्याच दुकानांत मिळतात, न मिळाल्यास पोल्ट्रीच्या सामानाच्या दुकानात पिलांच्या ब्रूडरचे दिवे मिळतात. तिथेच थर्मोस्टॅटही मिळतो. तो ३० अंशांवर लावला की बल्ब आपोआप चालू-बंद होतो. हा खर्च वाया जात नाही.

पंखा : ज्यांना जमेल त्यांनी चार इंची पीव्हीसी पाइप कपाटाच्या कोपऱ्यात उभा करावा. वरचे तोंड वरच्या खणाच्या वर, खालचे तोंड तळापासून वीतभर उंच. पाइपाच्या वरच्या तोंडाला कॉम्प्युटरमधला छोटा पंखा असा बसवावा, की तो वरची गरम हवा ओढून खाली सोडेल. टेबलफॅन ट्रेवर रोखून लावू नका, त्याने कोकोपीट सुकते आणि कोंब करपतो. हवा फिरली पाहिजे, झोत बसता कामा नये.

तापमापक : एक वरच्या खणात, एक मधल्या, एक खालच्या. तिन्हींत चार अंशांहून जास्त फरक दिसला तर कपाटात हवा फिरत नाही असे समजा. एकच तापमापक घ्यायचा असेल तर तो वरच्या खणात ठेवा, कारण धोका तिथे आहे.

रोजचा क्रम

सकाळी आठच्या सुमारास बल्ब बंद करा, गोणपाट काढा, वर-खालच्या झडपा पूर्ण उघडा. रात्रभराची कोंदट हवा निघून जाऊ द्या.

दुपारी बारा ते तीन या वेळात एकदा तरी वरचा तापमापक पाहा. ३२ च्या वर असेल तर पुढचा पडदा हातभर वर गुंडाळा. आपल्याकडे डिसेंबरातही दुपार तापते, त्या वेळी बाहेरची ऊब फुकट मिळते, ती घ्या.

संध्याकाळी सहाला ट्रेची अदलाबदल करा. वरचे खाली, खालचे वर. दोन माणसांना दहा मिनिटांचे काम आहे. मग झडपा दोन बोटांवर आणा, गोणपाट टाका, बल्ब लावा.

पाणी रोज मारायचेच असे नाही. कोकोपीट मुठीत दाबावे. गोळा व्हावा, हात ओला व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये. प्लॅस्टिकच्या आतून सकाळी दव दिसले तर ठीक. दुपारीही पाणी ओघळत असेल तर वारा कमी पडतो आहे.

नाकाचा उपयोग करा. ओल्या मातीचा वास आला तर बरे. आंबूस किंवा अननसाचा वास आला तर तो ट्रे लगेच बाहेर काढा आणि कुजलेले डोळे जाळून टाका, उकिरड्यात टाकू नका.

बेणे चांगले असेल तरच

कपाट कितीही चांगले केले तरी जून, रोगट बेण्याला ते वाचवत नाही. नऊ ते अकरा महिन्यांचे, बेणे मळ्यातलेच बेणे घ्यावे. खोडव्याचे बेणे वापरू नये. डोळे कापल्यावर १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम या द्रावणात १० मिनिटे बुडवावेत. हातमोजे घालावेत, उरलेले द्रावण ओढ्यात किंवा गुरांच्या पाण्याजवळ ओतू नये. ट्रेमध्ये ठेवताना डोळा वरच्या बाजूला ठेवून कोकोपीटचा पातळ थर द्यावा.

एकराचा हिशेब

पाच फूट सरी आणि दोन फुटांवर रोप धरले तर एकरी ४,३५६ रोपे लागतात. वरच्या मापाच्या कपाटात एका पाळीला ३२ ट्रे, म्हणजे १,३४४ डोळे बसतात. चार पाळ्यांत ५,३७६. न उगवणारे आणि नांग्यांसाठी लागणारे धरून एकराला एवढे पुरतात. एक पाळी साधारण सहा दिवसांची धरली तर १ डिसेंबरला सुरुवात करून २५ डिसेंबरपर्यंत चारही पाळ्या बाहेर पडतात. थंडीत रोप लागणीला यायला ४५ ते ५० दिवस धरावेत. म्हणजे १५ जानेवारीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लागण पुरी होते. पहिल्या पाळीची रोपे आधी लावावीत, ट्रेमध्ये म्हातारी करू नयेत.

विजेचे म्हणाल तर दोन बल्ब रात्री १४ तास, म्हणजे रोज २.८ युनिट. २४ रात्रींना ६८ युनिटच्या आत. थर्मोस्टॅट असेल तर त्याहूनही कमी.

कपाटातून बाहेर

मुळी सुटली आणि कोंबाने टोक दाखवले की ट्रे बाहेर काढायचा. "अजून दोन दिवस राहू दे, उंच होईल," हा मोह धरू नये. अंधारात वाढलेला कोंब उंच होतो, पण पिवळा आणि लेचापेचा. बल्बाच्या उजेडावर खोलीतच रोपे वाढवायचाही नाद नको. आपल्याकडे सूर्य फुकट आहे. पहिले दोन दिवस सावलीत, मग शेडनेटमध्ये. रात्री बांबूच्या कमानीवर प्लॅस्टिक ओढावे आणि सकाळी न चुकता काढावे. इथेही ऊब आणि वारा हाच नियम आहे.

जिवाची काळजी आधी

दोन गोष्टी कळकळीने सांगतो.

एक, कपाटात किंवा त्या खोलीत कोळशाची शेगडी, भुश्याची चूल अजिबात ठेवू नका. बंद खोलीत कोळशाच्या धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठत नाही. राखणीला कोणी त्या खोलीत झोपत असेल तर हे आवर्जून सांगा.

दोन, ओल आणि वीज एकत्र आली की धोका. होल्डर चिनीमातीचा घ्या, वायरला जोड देऊ नका, आधी बटण बंद करा आणि मगच पाणी मारा. लाइनवर गळती झाली की तुटणारा ब्रेकर बसवून घ्या. बल्ब प्लॅस्टिकला किंवा गोणपाटाला टेकला तर आग लागते. हजार रोपे पुन्हा करता येतात.

पुढे काय झाले

त्या सभासदांनी तेच कपाट दुरुस्त केले. चार बल्बांचे दोन केले आणि ते खाली आणले, माती काढून टाकली, खिडक्या पाडल्या. दुपारी पडदा वर करायचे काम आजींनी स्वतःकडे घेतले. पुढच्या पाळीला वर-खालच्या खणांत तीन अंशांचा फरक राहिला आणि सगळ्या खणांतून कोंब एका वेळी निघाले. गेलेली पाळी मात्र गेली. शेवटच्या बारा गुंठ्यांची लागण फेब्रुवारीच्या अखेरीस झाली आणि उन्हाळ्यात तो तुकडा मागे राहिलेला लांबूनही ओळखू येत होता. ते आम्हाला काही बोलले नाहीत. पण त्या रस्त्याने जाताना आमची नजर त्या तुकड्यावर जाते.

म्हणून विनंती, की कपाट उभे केले की ट्रे भरण्याआधी एक दिवस रिकामे चालवून पाहा, तिन्ही खणांचे आकडे वहीत लिहा, आणि गट ऑफिसमध्ये किंवा शेतकी मदतनिसाला दाखवा. आम्ही येऊन पाहू. यंदा ऊब आणि वारा दोन्ही सांगूनच परत जाऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी